मिस्टरांना आत बोलवा

मला राग आला की माझा आवाज चढत नाही, भाषा शुद्ध होते. एरवी मी चारचौघांसारखाच बोलतो, हिंदी-इंग्रजी मिसळून. पण राग आला की 'आपण', 'कृपया', 'सदर' असले शब्द तोंडातून यायला लागतात. मुलगी लहान असताना म्हणायची, "आई, बाबा बातम्या द्यायला लागले बघ." त्या शुक्रवारी शाळेच्या ऑफिसात मी अशाच बातम्या दिल्या. त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि तो कुणाकुणावर आहे हे एकदा सरळ लिहून काढावं म्हणून बसलो आहे.

माझी बायको मनमाडची. वडील रेल्वेत. बीएस्सी, बीएड करून तिथल्याच एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. लग्न होऊन नाशिकला आल्यावर इथेही एका शाळेत होती. मग मुलगी झाली, आणि ती शाळेत जायला लागते न लागते तोच माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. आईला उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं, रात्री कूस बदलून देणं, हे सगळं बायकोने केलं. मी अंबडला कंपनीत जायचो. लोकांना मात्र मी सांगतो, "आम्ही आईचं शेवटपर्यंत केलं." यातला 'आम्ही' किती खोटा आहे ते मला माहीत आहे आणि तिलाही.

गेल्या वर्षी आई गेली. मुलगी पुण्याला नोकरीला लागली. घरात दिवसभर बायको एकटी. पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला आमच्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर एक खाजगी शाळा आहे. सकाळी वारा इकडचा असला तर तिथली प्रार्थना आमच्या गॅलरीत ऐकू येते. तिथे आठवी-नववीला विज्ञानाची शिक्षिका हवी होती. बायकोने मला न सांगता अर्ज केला, आणि बोलावणं आल्यावर एका रात्री पोळी वाढता वाढता म्हणाली, "शुक्रवारी मुलाखत आहे. डेमो तास पण घ्यायचाय."

ती हे इतकं सहज म्हणाली, पण तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. पोळी माझ्या ताटात न पडता अर्धी बाहेर पडली. तिला ही नोकरी किती हवी होती, हे मला त्या पोळीवरून कळलं. कळलं, असं मी आज म्हणतो. तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता हिची तयारी मला करून घेतली पाहिजे.

कारण मी या कामातला जाणकार. कंपनीत मी पर्सोनेल विभागात आहे. आयटीआय झालेल्या मुलामुलींच्या, सुपरवायझरच्या जागेसाठी आलेल्यांच्या मुलाखतींना टेबलाच्या अलीकडे बसायची मला सवय. माणूस दारातून कसा आत येतो यावरून तो कसा आहे ते मला कळतं, असं मी कॅन्टीनमध्ये बऱ्याचदा ऐकवलेलं आहे.

त्या रात्री मी जेवणाचं टेबल पुसून घेतलं, एका बाजूला खुर्ची टाकून बसलो, चष्मा लावला आणि तिला बेडरूममधून आत यायला सांगितलं.

"दार वाजवू का?" तिने विचारलं.

"वाजव. आणि 'मे आय कम इन सर' म्हण."

"सर!" ती हसत सुटली. "अहो, मला उद्याची कणीक मळायची आहे."

"हसू नकोस. तिथे हसलीस तर?"

ती पुन्हा गेली, पुन्हा आली. दुसऱ्यांदा थोडी हसली. तिसऱ्यांदा हसली नाही. तिसऱ्यांदा ती अगदी बरोबर आली, पदर सावरून, नजर किंचित खाली ठेवून. मी म्हणालो, "हां, आता जमलं." तो चेहरा मला अजून दिसतो. टेबलाच्या पलीकडे असे चेहरे मी आयुष्यभर पाहिले. माझ्याच घरात मी तसा एक तयार केला.

मग मी विचारलं, "मधली इतकी वर्षं तुम्ही नोकरी का केली नाही?"

ती म्हणाली, "सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता. त्यांचं करत होते."

"हे सांगायचं नाही," मी म्हणालो. "घरचं रडगाणं वाटतं. 'वैयक्तिक कारणं' म्हण."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझी आई, जिचं अंग मी स्वतः चार वेळा पण पुसलं नसेल, तिच्यासाठी घातलेली वर्षं मी रडगाणं म्हणून खोडून टाकली, आणि वर चष्मा सारखा करून पुढचा प्रश्न विचारला. तो प्रश्न मी जसाच्या तसा लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

"तुमच्या नोकरीला मिस्टरांची हरकत नाही ना?"

"ते समोरच बसलेत," ती म्हणाली. "त्यांनाच विचारा की."

"मस्करी नको. असा प्रश्न येतो. आम्हीसुद्धा विचारतो."

"तुम्ही विचारता?"

"विचारावं लागतं. नंतर कटकटी होतात."

"आणि बायका काय सांगतात?"

"सांगतात, नाही म्हणून. तू पण शांतपणे सांग, 'नाही सर, त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे.'"

"बरं," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

डेमो तासावरूनही मी डोकं खाल्लं. आठवीचा पाठ होता, आम्ल आणि आम्लारी ओळखणं. तिने ठरवलं होतं, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या न्यायच्या, त्यावर साबणाचं पाणी टाकून लाल करायच्या आणि लिंबू पिळून परत पिवळ्या. मला ते फार घरगुती वाटलं. मी म्हणालो, "लिटमस आण, लॅपटॉपवर स्लाइड्स कर, सुरुवात इंग्लिशमध्ये कर. हळदकुंकवाला चालली आहेस का?" ती हो हो म्हणाली. मी ऑफिसात बसून रिकाम्या वेळात स्लाइड्स करून दिल्या. तिने त्या पेनड्राइव्हवर घेतल्या आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला. तिच्या पट्ट्या मात्र गॅलरीत दोरीला चिमटे लावून वाळतच होत्या.

शुक्रवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. ती म्हणाली, "दहा मिनिटांचा रस्ता आहे, मी जाते चालत. तुम्ही कशाला?" मी म्हणालो, "ऊन बघ केवढं आहे." मे महिना होता, ऊन खरंच होतं. पण मी त्यासाठी गेलो नव्हतो.

शाळेच्या व्हरांड्यात गेलो तर तिथे नवऱ्यांची रांगच बसलेली. आमच्याकडे बायकांच्या मुलाखतीला हे असं असतंच. नवरे सोडायला येतात आणि थांबतात. कुणी मोबाइल बघत होता, कुणी कडेवर मूल घेऊन फेऱ्या मारत होता, एका बाईबरोबर तर सासरे आले होते. मला त्यात काही खटकलं नाही. मीही एका खुर्चीवर बसलो.

सुट्टीत जादा वर्गाला आलेली पंचवीसेक मुलं एका वर्गात बसवली होती. माझी खुर्ची खिडकीजवळ होती. बायको आत गेली. लॅपटॉप तिने उघडलाच नाही. मुलांना विचारलं, "तुमच्या घरी आईच्या साडीवर हळद सांडली आणि तिने साबण लावला, तर काय होतं?" एक मुलगी ओरडली, "लाल होते, मॅडम! मग आई आम्हालाच बोलते!" सगळा वर्ग हसला. मग पट्ट्या वाटल्या गेल्या, थेंब टाकले गेले, लाल झाल्या, पिवळ्या झाल्या. दोन मुलं भांडायला लागली, लिंबू आधी कुणी पिळायचं यावरून. तिने त्यांना बोटाच्या एका इशाऱ्यावर गप्प केलं. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बसल्या होत्या, त्यांनीही एक पट्टी मागून घेतली. बायकोचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं घरात राहून मी तो ऐकला नव्हता. मला अभिमान वाटला, आणि स्लाइड्स वापरल्या नाहीत म्हणून जरासा रागही आला. दोन्ही खरं आहे.

तास संपला. ती ऑफिसात गेली. काही वेळाने शिपाई बाहेर आला आणि मला म्हणाला, "साहेब, तुम्हाला बी आत बोलावलंय."

"मला?"

"मॅडमचे मिस्टर ना तुम्ही? चला. समद्यांच्याच मिस्टरांना बोलावत्यात."

आत टेबलामागे तिघं होते. मधे संस्थेचे सेक्रेटरी, पांढरा शर्ट, बोटात दोन अंगठ्या, बोलायला मोकळा माणूस. एका बाजूला एक वयस्कर संचालक, ते पेंगत होते. दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापिका. बायको अलीकडच्या खुर्चीवर, आणि तिच्या शेजारी एक रिकामी खुर्ची. मी तिच्यावर बसलो.

मी बसल्याबरोबर सेक्रेटरींनी बायकोकडे बघणंच सोडून दिलं.

"साहेब, मॅडमचा तास एक नंबर झाला," ते मला म्हणाले. "लय दिवसांनी असा तास बघितला. आता मुद्द्याचं बोलू. आमचा अनुभव असाय, लेडीज टीचर लागतात अन् दिवाळीच्या आत सोडून जातात. घरचे नाही म्हणतात. म्हणून आम्ही आधीच विचारून घेतो. तुमची काही हरकत नाही ना?"

डोक्यात तिडीक गेली. माझ्याच जेवणाच्या टेबलावरचा प्रश्न, माझ्याच सुरात, आणि तो दुसरा माणूस माझ्या बायकोच्या डोक्यावरून मला विचारत होता. ती तिथे बसलेली, आणि जणू नव्हतीच. समोरचा माणूस मला अगदी माझ्यासारखा दिसला, आणि म्हणूनच मला त्याची शिसारी आली.

"हरकत?" मी म्हणालो. "क्षमा करा, परंतु आपण हा प्रश्न कोणाला विचारत आहात?"

बायको खालच्या आवाजात म्हणाली, "अहो."

तो 'अहो' मी ऐकला. ऐकला नाही असं मी म्हणू शकत नाही. पण माझी गाडी सुटली होती. सदर प्रश्न हा अपमानास्पद आहे, आपण शिक्षणसंस्था चालवता की आणखी काही, गाय खरेदी करताना मालकाला विचारावं तसं आपण मला विचारत आहात, या पदासाठी अर्ज कोणी केला आहे हे आपण कृपया एकदा पाहून घ्यावं. एका दमात सगळं. पेंगणारे संचालक जागे झाले. मुख्याध्यापिका टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिल्या. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं आणि ते खुर्चीत मागे रेलले.

"ठीक आहे साहेब," ते म्हणाले. "आम्ही साधं विचारलं. तुम्हाला लागलं असेल तर सॉरी. कळवतो."

बाहेर आलो तेव्हा मला फार बरं वाटत होतं. मी स्कूटर काढली. बायको म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी चालत येते."

"एवढ्या उन्हात?"

ती चालायला लागली होती. मी घरी पोचलो. किल्ली तिच्या पर्समध्ये. मी माझ्याच घराच्या बंद दारासमोर उभा राहिलो, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकू जाळीतून विचारत होत्या, "काय हो, झाला का इंटरव्ह्यू? चांगला झाला ना?" मी म्हणालो, "झाला."

ती आली, कुलूप काढलं, पाणी प्यायली. मी म्हणालो, "त्याने विचारलं ते चुकीचंच होतं."

"मला माहीत नाही का चूक आहे ते?"

"मग मी गप्प बसायचं?"

"हो," ती म्हणाली. "गप्प बसायचं. किंवा मुळात यायचंच नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं."

"कुठलं उत्तर?"

"मी हसून म्हणणार होते, 'सर, यांना विचारून मी कधी भाजी आणली नाही, नोकरीचं कुठे विचारत बसू?' त्या मुख्याध्यापिका हसल्या असत्या. तो सेक्रेटरी पण हसला असता. विषय तिथेच संपला असता आणि जूनमध्ये मी वर्गावर असते." तिने पेला ओट्यावर ठेवला. "तुम्हाला भाषण हवं होतं. मला नोकरी हवी होती."

"मी तुझ्या बाजूने बोललो."

"माझ्या बाजूने नाही, माझ्या जागी बोललात. मी तिथेच बसले होते ना? तो पण मला सोडून तुमच्याशी बोलला, आणि तुम्ही पण मला सोडून त्याच्याशी. दोघं पुरुष माझ्यावरून भांडलात आणि मी मधे पर्स धरून बसले."

मी म्हणालो, "लोक मला नावाजतील."

हे मी खरंच म्हणालो. का म्हणालो, मला आजही सांगता येत नाही.

आणि लोकांनी नावाजलंच. शनिवारी कंपनीत मी हा किस्सा सांगितला. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, "असं पाहिजे, वहिनी नशीबवान आहेत." मी तो किस्सा तीनदा सांगितला आणि तिसऱ्या वेळी त्यात दोन वाक्यं अशी घातली, जी मी तिथे बोललोच नव्हतो. या गोष्टीचा मला सेक्रेटरीच्या प्रश्नापेक्षा जास्त राग येतो.

सोमवारी माझं मन खायला लागलं. वाटलं, बिघडवलं आहे ते आपणच सुधारावं. कामावर जाण्याआधी मी शाळेत गेलो, मुख्याध्यापिकांना भेटलो, माफी मागितली, म्हणालो की माझ्या बोलण्याची शिक्षा हिला नको. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडमना माहीत आहे का तुम्ही आलात ते?"

"नाही."

त्यांनी कपाळाला हात लावला. "त्यांचा परवाच मला फोन आला होता. आमचं नीट बोलणं झालंय. मी सेक्रेटरी सरांना समजावलं होतं, की बाई स्वतंत्र आहेत, नवरा मधे येत नाही, त्या दिवशी चुकून झालं. ते जवळजवळ तयार होते. आता ते बाहेर गेटवर उभे आहेत आणि त्यांनी तुम्हाला आत येताना पाहिलंय. मी आता त्यांना काय सांगू?"

मी माफीच मागायला गेलो होतो हो. पण तिथे जाऊन मी केलं काय, तर पुन्हा तिच्या जागी जाऊन बोललो. दुसऱ्यांदा. त्या वेळी मला सेक्रेटरीला कॉलरला धरावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त, भिंतीवर स्वतःचं डोकं आपटावंसं वाटलं. यातलं काहीच मी केलं नाही. बाहेर पडताना सेक्रेटरींनी मला हात जोडून नमस्कार केला. अगदी अदबीने. मीही केला.

संध्याकाळी घरी सांगितलं. न सांगून चाललं नसतं. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतल्यावर तिने निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकत्र केली, उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती जागा दुसऱ्या बाईंना मिळाली.

पुढच्या मुलाखतीची तयारी तिने मुलीबरोबर केली. फोन कपाटाला टेकवून, बेडरूमचं दार लावून. बाहेर मला ऐकू यायचं, मुलगी प्रश्न विचारायची, ही उत्तर द्यायची, मग दोघी हसायच्या. मधल्या वर्षांबद्दल मुलीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या सासूबाई अंथरुणावर होत्या. मी त्यांचं सगळं केलं. रोज तेच काम न चिडता कसं करायचं ते तिथे शिकले, आणि आठवीच्या वर्गाला तेच लागतं." मी बाहेर टीव्हीचा आवाज बंद करून बसलो होतो. मुलगी म्हणाली, "आई, भारी! हेच सांग." मला आत जाऊन काहीतरी म्हणावंसं वाटलं. मी खुर्चीचे हात धरून बसलो.

ही शाळा त्र्यंबक रोडला, शहराच्या पार बाहेर. मुलाखतीच्या दिवशी मी कंपनीत गेलो. अर्धा दिवस रजा नाही, फोन नाही. संध्याकाळी ती म्हणाली, "लागली. सोमवारपासून."

"घरच्यांबद्दल विचारलं का त्यांनी?"

"विचारलं."

"विचारलंच?" मी म्हणालो. "हे लोक स्वतःला काय..." माझी भाषा शुद्ध व्हायला लागली होती. तिने नुसतं वर पाहिलं. मी तोंड मिटलं.

"मी उत्तर दिलं," ती म्हणाली. "जेवायला वाढू का?"

आता ती रोज सकाळी सहाला घर सोडते. फाट्यावर येऊन बस पकडते, मधे उतरून दुसरी बस. जाऊन-येऊन तिचे तीन तास रस्त्यात जातात. दहा मिनिटांवरच्या शाळेची मुलं ती परतते तेव्हा घरी जाऊन जेवलेलीही असतात. पहिल्या आठवड्यात मी म्हणालो होतो, "दुसऱ्या बसपर्यंत तरी स्कूटरवर सोडतो." ती म्हणाली, "नको." फटकन नाही म्हणाली, साधंच म्हणाली.

मी तिचा चहा करून ठेवतो. ती उभ्यानेच पिते आणि निघते. मग मी गॅलरीत येतो आणि ती रस्ता ओलांडून स्टॉपवर पोचेपर्यंत बघतो. बस बहुतेक उशिरानेच येते. बस चालवणाऱ्यांवर, त्या सेक्रेटरीवर, त्याच्या दोन अंगठ्यांवर माझा जीव जळत राहतो, आणि त्याहून जास्त माझ्या स्वतःवर. कारण हे तीन तास मी तिच्या रोजच्या दिवसातून काढून घेतले आहेत आणि ते परत देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. बस आली की ती चढते. वर बघत नाही.